ग्रीक मास्तरांची फुगडी

मास्तर रस्त्यात अनोळखी माणसांच्या मागे चालायचे. चोरून नव्हे, उघडउघड. लंडनच्या कडेला असलेल्या पिनरच्या हाय स्ट्रीटवर एखादी बाई खरेदीची ट्रॉली ओढत चढ चढत असली, की हे तिच्या मागे थोडं अंतर ठेवून, तिच्याइतकंच वाकून, तिच्यासारखाच एक खांदा पाडून, हातात नसलेली ट्रॉली ओढत चढायचे. त्यात चेष्टा नसायची. चेहरा परीक्षेला बसलेल्या मुलासारखा गंभीर. एकदा एका माणसाने गर्रकन वळून त्यांची कॉलर धरली. मास्तर शांतपणे म्हणाले, "डावा गुडघा दाखवून घ्या. मी स्टेशनपासून तो वापरतोय. फार त्रास देतो." त्या माणसाने पुढे खरंच गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतलं, असं मास्तर सांगायचे. ते सांगायचे ते सगळंच खरं असायचं असं नाही.

मास्तर हे नाव माझ्या बायकोने ठेवलेलं. आमच्या इथल्या मराठी मंडळात त्यांना 'तो ग्रीक' म्हणत. जुन्या सभासदांना ते आठवत असतील, पण एकाच कारणासाठी. ज्याच्या डान्स क्लासमध्ये डॉक्टरांची आजारी बायको पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं, तो माणूस.

ती त्यांच्या क्लासमध्ये पडली नाही. हे मी आधीच सांगून टाकतो.

मास्तर मूळचे एका ग्रीक बंदरातले. वडील गोदीत हमाल. पोती उचलणाऱ्या माणसांकडे बघत आपण नाच शिकलो, असं ते म्हणायचे. एक माणूस पोतं देतो, दुसरा घेतो. घेणारा पुढे झुकून घ्यायला गेला तर तोंडावर आपटतो, त्याने मागे रेलूनच घ्यायला हवं. "माझं सगळं काम एवढंच आहे," ते म्हणायचे. तरुणपणी ते लंडनला आले, इथल्या मोठमोठ्या थिएटरांत त्यांची नृत्यं झाली. एका नृत्यात म्हणे नर्तक अख्खा वेळ कपाटं वाहून नेत होते आणि शेवटी एक कपाट नर्तकाला वाहून नेत होतं. लोक रडले होते, असं मी नंतर वाचलं. मग कंपनीशी भांडण झालं. कुणाशी, कशावरून, हे त्यांनी दर वेळी वेगळं सांगितलं. वय झालं, आणि ते आमच्या भागातल्या चर्चच्या हॉलमध्ये येऊन पोचले. तिथे दर मंगळवारी सकाळी पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी ते क्लास घ्यायचे.

माझ्या बायकोला पार्किन्सन्स होता. मी भूलतज्ज्ञ. सगळं आयुष्य इथल्या हॉस्पिटलांमध्ये माणसांना झोपवण्यात गेलं. मास्तरांना हे कळलं तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेऊन बराच वेळ हलवला आणि म्हणाले, "म्हणजे तुम्ही लोकांना स्थिर करता. मी समोरच्या डिपार्टमेंटचा."

क्लासला मी फक्त ड्रायव्हर. तिला सोडायचं, मागच्या खुर्चीत पेपर घेऊन बसायचं, परत आणायचं. पण पेपर वाचून व्हायचा नाही, कारण मास्तरांकडे न बघणं अवघड होतं. पायांत दोन वेगवेगळे बूट. डावा पाय उजव्यापेक्षा म्हातारा आहे, त्याला मऊ बूट लागतो, असं त्यांचं म्हणणं. हॉलमधल्या आरशांवर त्यांनी चादरी टाकलेल्या. हीटिंग बंद. थंडीची तक्रार कुणी केली की, "छान! म्हणजे तुम्हाला अजून अंग आहे." सफरचंद खावं तसा टोमॅटो खात खात ते रुग्णांवर ओरडायचे. दया बिलकूल नाही. एक इंग्रज बाई एकदा "मी आजारी आहे हो" म्हणाल्या, तर हे म्हणाले, "असा ना आजारी. पण माझ्या अंगावर नका आजारी पडू." बाईंना आधी राग आला, मग हसू फुटलं. त्यानंतर त्यांनी एकही मंगळवार चुकवला नाही.

या आजारात माणूस मधेच थिजतो. चालता चालता पाय जमिनीला चिकटतात, विशेषतः दारात. डोकं सांगतं चल, पाय ऐकत नाहीत. त्यावर मास्तरांचा उपाय ठेक्याचा. पण आकडे मोजलेले त्यांना चालत नसत. आकडे फार हुशार असतात, म्हणायचे. ते मेट्रोपॉलिटन लाइनची स्टेशनं म्हणायला लावायचे. पिनर, नॉर्थ हॅरो, हॅरो-ऑन-द-हिल, नॉर्थविक पार्क. प्रत्येक स्टेशनला वजन एका पायावरून दुसऱ्यावर, आणि नॉर्थविक पार्कला पाऊल पुढे. चादरी टाकलेल्या आरशांसमोर तो अख्खा म्हातारा वर्ग डुलत डुलत स्टेशनं पुटपुटायचा आणि नॉर्थविक पार्कला खरंच निघायचा.

घरी दारांत काय करायचं, ते बघायला एकदा ते आमच्याकडे आले. चहा घेतला नाही, खुर्चीवर बसले नाहीत. पुढच्या दाराबाहेर आणि प्रत्येक खोलीच्या दारात पिवळ्या टेपच्या आडव्या पट्ट्या चिकटवल्या. रेघ दिसली की पाय ती ओलांडायला उचलतो, असं त्यांनी समजावलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "डॉक्टर, एक गोष्ट. ती थांबली तर ओढायचं नाही. कधीच नाही. तिचे हात धरा आणि तुम्ही मागे रेला. तुमचं वजन तिला द्या. तिच्या पायांना काम मिळू द्या."

मी मान हलवली. गोदीतल्या हमालाच्या मुलाने मला शरीर शिकवावं, हे मला रुचलं नव्हतं. आणि त्या पिवळ्या पट्ट्या मला आवडल्या नव्हत्या. आमचा हॉल त्यामुळे एखाद्या गोडाउनसारखा दिसायला लागला होता.

फुगडीचं सुरू झालं ते असं. एका मंगळवारी त्यांनी सगळ्यांना विचारलं, लहानपणी तुमचं अंग काय करायचं ते दाखवा. एका बाईने दोरीच्या उड्या दाखवल्या, दोरीशिवाय, उड्यांशिवाय, फक्त मनगटांनी. एका रिटायर्ड जमैकन बस ड्रायव्हरने क्रिकेटची बोलिंग. माझी बायको उभी राहिली आणि म्हणाली, "मास्तर, कम हियर. गिव्ह मी हँड्स. नो, क्रॉस."

त्यांनी हात गुंफले, बुटांची टोकं जुळवली. एक मऊ बूट, एक कडक, समोर तिचे स्केचर्सचे बूट. "नाऊ फॉल बॅक," ती म्हणाली. मास्तर मागे रेलले, ती मागे रेलली, आणि दोघं तशी ताणून उभी राहिली. मग अगदी सावकाश फिरायला लागली. तिच्या हातांची थरथर त्यांच्या हातांत गेलेली मला मागून दिसत होती. ती हसत होती. त्या आजारात चेहरा लाकडासारखा होतो, हसू वर येत नाही. तिचं आलं. कितीतरी दिवसांत माझ्या घरात ती तशी हसली नव्हती.

मास्तर थांबले तेव्हा दमलेले होते. "हेच तर," ते म्हणाले. "पोतं. माझ्या वडिलांचं पोतं. तुमच्याकडे हे बायका करतात? गाणी म्हणत?" आणि त्या दिवसापासून त्यांनी फुगडीवर काम सुरू केलं. सगळे रुग्ण जोड्यांनी, मधे माझी बायको आणि ते. शहरातल्या एका बऱ्यापैकी थिएटरने तारीखही दिली. बऱ्याच वर्षांनी त्यांचं नाव पोस्टरवर येणार होतं.

परतताना गाडीत मी म्हणालो, "मंडळातले लोक येतील बघायला."

"येऊ देत की," ती म्हणाली. तेव्हा तिचा आवाज फार खाली गेला होता, रेडिओ बंद करावा लागायचा. "तुम्हाला कसली लाज वाटते हो? माझ्या थरथरण्याची, की मास्तरांच्या हातांची?"

"काहीतरीच काय," मी म्हणालो. पण तिने नेमकं बोट ठेवलं होतं. दोन्हीची.

त्या वर्षी दिवाळीतला एक दिवस मंगळवारी आला. संध्याकाळी मंडळातली बरीच मंडळी आमच्याकडे फराळाला येणार होती. हे वाचणाऱ्यांपैकी काही त्यांत होते. तिला क्लासला सोडून मी घरी आलो, आवरायला लागलो, आणि दारांतल्या सगळ्या पट्ट्या उचकटून टाकल्या. पाहुण्यांसमोर बऱ्या दिसत नाहीत म्हणून. पुढच्या दाराबाहेर, पट्टीच्या जागी, वेम्ब्लीच्या भारतीय दुकानातून आणलेली प्लॅस्टिकची छापील रांगोळी चिकटवली. गोल, मोठी, लाल-हिरवी. मला ती छान वाटली.

दुपारी तिला घेऊन आलो. दारात ती थिजली. पट्टी नव्हती, आणि समोर रांगोळी. प्लॅस्टिकची असली म्हणून काय झालं, रांगोळीवर पाय द्यायचा नाही हे तिच्या अंगात लहानपणापासूनचं. ती उभी राहिली आणि पुटपुटायला लागली. मी आत जाऊन पिशव्या ठेवल्या, दूध तापत लावलं, परत आलो, ती तिथेच. पाऊस भुरभुरत होता. गॅसवर दूध होतं.

"अगं चल ना."

"पिनर," ती म्हणाली. "नॉर्थ हॅरो."

"अगं, लोक यायचेत!"

"ओढू नका हो. हॅरो-ऑन-द-हिल..."

मी तिचा हात धरून ओढलं. पुढचं स्टेशन आलंच होतं. मी थांबलो नाही.

ती तोंडावर नाही पडली, कुशीवर पडली. डॉक्टर असून मी करायचं नाही ते केलं, तिला एकट्याने उचलून सोफ्यावर ठेवलं, आणि लचक असेल म्हणून गरम दूध दिलं. ॲम्ब्युलन्स उशिरा बोलावली. हॉस्पिटलमध्ये मुलगी धावत आली. ती इथेच जन्मलेली, इल्फर्डला राहते, सॉलिसिटर आहे. "बाबा, तुझी फोन का लागत नव्हती? काय झालं? आई क्लासमध्ये पडली?"

मी म्हणालो, "हं."

एवढंच. ते 'हं' नुसत्या भीतीतून आलं असतं, तर मी स्वतःला थोडं माफ केलं असतं. पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर तिचं ते हसू होतं, मास्तरांच्या हातांतलं.

मुलगी वडिलांवर गेलेली नाही, ती कामं अर्धवट सोडत नाही. तिने कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, तक्रार केली. चौकशी करायला एक बाई आमच्या घरी आल्या, त्यांनी मास्तरांनाही बोलावलं. आम्ही सगळे बैठकीच्या खोलीत. मास्तर पहिल्यांदाच खुर्चीवर बसलेले, दोन वेगळे बूट जुळवून, शाळेतल्या मुलासारखे. बायको आरामखुर्चीत. तिचा आवाज आता इतका गेला होता की तोंडाशी कान नेल्याशिवाय ऐकू येत नसे. तो कान माझा होता. ती जगाशी जे काही बोलायची ते माझ्यातून.

त्या बाईंनी हळुवारपणे विचारलं, तुम्ही कुठे पडलात, आठवतं का?

मी वाकलो. ती म्हणाली, "दारात. ह्यांनी ओढलं. मास्तरांचं काही नाही, सांगा त्यांना."

"काय म्हणते आई?" मुलीने विचारलं.

मी सरळ झालो. "आठवत नाही म्हणते," मी म्हणालो, आणि तेच इंग्रजीत त्या बाईंना सांगितलं.

बायकोने माझ्याकडे बघितलं. चेहरा लाकडाचा, त्यावर काही दिसलं नाही. फक्त डोळे मिटून घेतले. त्या बाईंनी मास्तरांना विचारलं, तुमच्या क्लासमध्ये त्या पडल्या असण्याची शक्यता आहे का? ते म्हणाले, "माझ्या क्लासमध्ये सगळेच पडतात. असेल."

त्यांना सोडायला मी फाटकापर्यंत गेलो. शिष्टाचार म्हणून. तिथे ते थांबले.

"डॉक्टर, यू पुल्ड." त्यांनी विचारलं नाही, सांगितलं.

"कशावरून?"

"सगळा वेळ तुम्ही उजवा हात मांडीखाली घेऊन बसला होता."

मला राग आला. पकडला गेलेल्या माणसाला येतो तसा. "मग आत का नाही बोललात?"

त्यांनी दाराकडे बघितलं. तिथे ती रांगोळी अजून होती, एक कोपरा उचकटलेला. "आज संध्याकाळी ती कुणाच्या घरी राहणार आहे?" ते म्हणाले. "माझ्या? तिला तुमच्याच घरी राहायचंय, डॉक्टर. तिला सांभाळा." आणि स्टेशनच्या दिशेने निघून गेले. त्या दिवशी ते कुणाच्या मागे चालले नाहीत.

क्लास बंद झाला. चर्चने हॉल नाकारला, थिएटरने तारीख काढून घेतली. मंडळात लोक मला म्हणाले, डॉक्टर, बरं झालं, असल्या माणसांना वेळीच आवरायला हवं. मी त्यावरही 'हं' म्हणालो. ते शब्द बोलणाऱ्यांना मी आज दोष देत नाही. त्यांना मी जे पुरवलं तेच ते बोलले.

बायको पुन्हा चालली नाही. त्या हिवाळ्यात एकदा तिने मला जवळ बोलावलं. "मास्तरांना बोलवा ना," ती म्हणाली. मी म्हणालो, ते ग्रीसला परत गेले. ते जवळच, हॅरोला, एका भाड्याच्या खोलीत राहत होते. तिने परत विचारलं नाही. पण तिचे हात पांघरुणावर मनगटांत एकमेकांवर पडलेले असायचे, फुगडीला घ्यावेत तसे. नर्स ते सरळ करायची, ते पुन्हा तसेच व्हायचे. वसंत यायच्या आत ती गेली.

मास्तरांना त्यानंतर मी एकदाच पाहिलं. हाय स्ट्रीटवरून जाताना एका दुकानाच्या काचेत मला माझ्या मागे एक माणूस दिसला. मान खाली, पाठ वाकलेली, आणि उजवा हात कोटावर घट्ट दाबून धरलेला, जणू तो हात सुटला तर काहीतरी करून बसेल. आपण असे चालतो हे मला माहीत नव्हतं. मी वळलो असतो, तर एखाद्या वेळी बोललो असतो. समोर बस आली. ती कुठे जाते हे न बघता मी चढलो.

या वसंतात मास्तर वारले. नृत्याच्या जगात त्यांना मानणारे अजून होते. कुणीतरी त्यांच्यावर चांगलं लिहिलं. कपाटांचं नृत्य, बंदर, वडिलांची पोती, सगळं त्यात होतं. शेवटच्या परिच्छेदात मात्र होतं, की हट्टी पद्धतींमुळे उतारवयात त्यांच्या हातून एका आजारी स्त्रीला गंभीर इजा झाली आणि त्यानंतर त्यांना काम मिळालं नाही. मुलीने मला ते व्हॉट्सॲपवर पाठवलं. खाली लिहिलं होतं, 'बाबा बघ, फायनली कोणीतरी खरं लिहिलं.'

मग मी हे लिहायला बसलो. त्या लेखकालाही मी कळवलं आहे. पण मंडळाच्या अंकात देण्याआधी हे मुलीने ऐकायला हवं होतं. तिला मराठी भराभर वाचता येत नाही. एका रविवारी सकाळी मी इल्फर्डला गेलो, तिच्या किचनमध्ये बसून हे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटचा काही भाग सोडून. तो तेव्हा घडायचा होता.

वाचून संपलं तेव्हा तिच्यातली वकील बोलेल असं मला वाटलं. ती उठली आणि किचनच्या दारात जाऊन उभी राहिली, पाय जुळवून, खांदे पुढे. आईसारखी.

"दाखव," ती म्हणाली.

"काय?"

"कसं ओढला तू. मला बघायचंय."

"अगं, नको."

"बाबा. दाखव."

मी तिचा हात धरला आणि ओढलं. ती एक पाऊल धडपडली, दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. तिचे डोळे भरले होते. मग ती परत तिथेच, तशीच जाऊन उभी राहिली.

"आणि त्याने काय सांगितला होता? मास्तरने? ते दाखव."

मी दोन्ही हात पुढे केले, मनगटं एकमेकांवर टाकून. तिने ते धरले. मी मागे रेललो. या वयात मला ते भीतीचं वाटलं. पाठीमागे फरशी होती. माझं सगळं वजन तिच्या हातांत गेलं, आणि मला कळलं की ते झेलायला तिलाही मागे रेलावंच लागलं. तिचा एक पाय आपोआप हलला.

आम्ही तसे किती वेळ होतो कोण जाणे. तिने मला पडू दिलं नाही. मी नीट उभा राहिल्यावर तिने हात सोडले, माझा कोट आणून दिला, आणि दुसरीकडे बघत म्हणाली, "आता जा बाबा. आय विल रिंग यू."

अजून फोन आलेला नाही.

दारातली ती रांगोळी मी खरवडून काढली आहे. तिच्या जागी पिवळी पट्टी लावली. रोज बाहेर पडताना मी त्या पट्टीशी थांबतो, उजवा हात कोटावरून बाजूला घेतो, आणि स्टेशनं म्हणतो. चारही, शेवटपर्यंत. मगच पाऊल टाकतो.